दोनशे मायक्रॉनचा यूव्ही पेपर आणि परड्यातली भाजी: एका पावसाळ्याचा रिव्ह्यू

पॉलीहाऊसवर घालतात तो दुधट पांढरा प्लास्टिकचा पेपर असतो बघा, दोनशे मायक्रॉनचा (म्हणजे ०.२ मिलिमीटर जाडीचा), यूव्हीवाला (उन्हातल्या अतिनील किरणांनी लवकर तुटू नये असा केलेला), तो यंदा घरामागच्या परड्यात भाजीवर छप्पर करून घातला होता, त्याचा हा रिव्ह्यू. एकरभर पॉलीहाऊस टाकणाऱ्यांनी वाचायची गरज नाही, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतंय. ज्यांच्याकडं चार वाफ्याइतकी जागा आहे, मे महिन्यातच ज्यांचा टोमॅटो काळा पडला, मेथी कुजली, काकडीला फुलं ढीगभर आली आणि फळ एक धरलं नाही, आणि जे तेव्हापासून दुकानात जाऊन एकेक बाटली घेऊन येतायत, त्यांच्यासाठी लिहितोय. रेटिंग आत्ताच देऊन टाकतो, पाचपैकी चार. एक स्टार वाऱ्यानं नेला, ते पुढं येईल.

२०२५ चा उन्हाळा आपल्या बेळगावाकडं अर्धाच झाला म्हटलं तरी चालेल. मान्सून केरळात १ जूनला येतो हे शाळेपासून पाठ, तो यंदा २४ मेलाच आला, २००९ नंतर इतक्या लवकर आलाच नव्हता, आणि केरळात आला आला म्हणेपर्यंत गोवा-कोकण करून आपल्या डोक्यावर. वळीव त्याच्या आधीपासून सुरूच होता. आता वळवाचं भाजीला काही वाकडं नसतंय, बेळगावात मे म्हणजे दुपारी ३५-३६, संध्याकाळी गडगडाट, एक दणकून सर आणि रात्रीपर्यंत पानं कोरडी. यंदा वळीव संपायच्या आत झड लागली, पंखे बंद झाले, आईनं स्वेटर बाहेर काढला आणि मेअखेरच्या रोहिणी नक्षत्रात पुनर्वसूतला, म्हणजे जुलैतला, तरणा पाऊस लागावा तसं वातावरण. धूळवाफ पेरणीसाठी (पावसाआधी कोरड्या मातीत करतात ती) थांबलेले आमच्या बाजूचे भातवालेही वापसा नाही, म्हणजे जमीन पेरण्याइतकी सुकत नाही, म्हणून बसून राहिले तिथं भाजीला कोण विचारतो. खानापूर-जांबोटी-कणकुंबीकडच्या लोकांना ह्यात नवल वाटणार नाही, त्यांच्याकडं पाऊस असाच कोसळतो. अथणी-रायबागवाल्यांनी हा रिव्ह्यू सोडून द्यावा, तिकडं अडचण बरोब्बर उलटी आहे, तिकडं छप्पर कसलं, ढगाचं तोंड बघायला मिळालं तरी लोक खूष.

परड्यात पहिला गेला टोमॅटो. खालच्या पानांच्या कडेला तेलकट ओलसर हिरवट-काळे चट्टे, सकाळी पान उलटं केलं की चट्ट्याच्या कडेनं बारीक पांढरी लव, मग खोडावर तपकिरी पट्टा आणि हिरव्या फळाच्या खांद्यावर कडक डाग. खोडावर आलं की झाड बघता बघता जातंय. हा उशिराचा करपा, लेट ब्लाइट म्हणतात तो, फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचा दुष्काळ पडला तो ह्याच्यामुळंच, आणि आपल्या बेळगुंदी-उचगावच्या तांबड्या मातीतल्या खरीप बटाट्यालाही हाच धरतो. त्याला पाहिजे काय तर १५ ते २० अंशाच्या आसपासची गार रात्र आणि पानावर सलग काही तास पाणी. एरवीचा मे ह्यातलं एकही देत नाही, म्हणून उन्हाळी टोमॅटोच्या बाबतीत ह्या रोगाचं नाव सहसा निघत नाही. यंदा दोन्ही फुकट.

मिरचीचं दुखणं वेगळं होतं. पानावर डाग नाही, काही नाही, नुसती माना टाकून उभी. वाफ्यात पाणी साठून मुळं गुदमरलेली, उपटून बघितलं तर मुळाची साल बोटात निघून येते आणि वास मारतो. आणि काकडी-दोडक्याचं तिसरंच, वेल हिरवागार, पण भर पावसात मधमाशी फिरत नाही, नरफुलातला पराग भिजून चिकटतो, मग मादीफुलाच्या मागची बोटभर काकडी पिवळी पडून गळून जाते. म्हणजे एकाच पावसानं तीन वेगवेगळी कामं केली, पान ओलं ठेवलं, मूळ बुडवलं आणि माशी अडवली. हे तीन वेगळे करून बघितले नाहीत तर पैसे वाया जातात, कारण दुकानात तिन्हीसाठी बाटलीच देतात. पेपरचं छप्पर ह्यातल्या पहिल्यावर जालीम आहे, दुसऱ्यावर अर्धं आणि तिसऱ्यावर जवळजवळ काही नाही. पुढचं सगळं ह्याच हिशोबानं वाचा.

पेपर घेतला तो खडेबाजारापासून फार लांब नसलेल्या एका शेती-सामानाच्या दुकानातून. नाव लिहीत नाही, जाहिरात केल्यासारखं होतं. मी गेलो होतो बुरशीनाशक आणायला. काउंटरवरचे अण्णा कन्नड-मराठी मिसळून बोलणारे, पान बघितलं, पिशवीत परत घातलं आणि म्हणाले, "औषध ब्याड्री. पाऊस हितनं तितनं मारतोय, तुम्ही सकाळी मारणार, दुपारी धुऊन जाणार, संध्याकाळी परत माझ्याकडं येणार. मला काय, मी विकतो. पण आधी पानावरचं पाणी अडवा की वो." म्हटलं अडवू कसं, तर आतनं रोल ओढून दाखवला. गिऱ्हाईक बाटली मागतोय आणि दुकानदार नको म्हणतोय हे आपल्याकडं किती वेळा बघायला मिळतं? तसं म्हटलं तर रोल बाटलीपेक्षा महागच होता, त्यामुळं अण्णा अगदीच संत होते असं मी म्हणत नाही, पण सल्ला शंभर टक्के खरा निघाला. मॅन्कोझेबसारखी स्पर्शजन्य औषधं पानावर राहिली तर काम करतात, आणि झडीत ती राहत नाहीत. मेटॅलॅक्सिल मिसळलेलं आत शोषलं जातं, ते त्यातल्या त्यात बरं, पण तेही मारल्यावर काही तास कोरडे लागतात आणि ते तास यंदा ढगात होते.

आता पेपरविषयी. तो किलोवर मिळतो, म्हणून आकडा डोक्यात घालून जा. दोनशे मायक्रॉनचा पेपर चौरस मीटरला साधारण १८४ ग्रॅम भरतो. पाच बाय चार मीटरचा तुकडा म्हणजे वीस चौरस मीटर, म्हणजे पावणेचार किलोच्या आत. दुकानदारानं काट्यावर पाच किलो दाखवले तर एकतर पेपर जाड आहे नाहीतर काटा. पेपर, बांबू, दोरी, क्लिपा सगळं मिळून मला तीन हजारांच्या आतबाहेर पडलं, बांबू चंदगडच्या बाजूनं ओळखीत आणले म्हणून थोडं वाचलं. तुम्हाला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप घ्यायचा असेल तर खर्च सरळ वाढतो, पण पाइप एकदाच.

यूव्ही आहे की नाही हे ओळखणं सगळ्यात अवघड काम. आमच्या शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी कुठल्याशा दुकानातनं "यूव्हीच आहे, डोळे झाकून न्या" म्हणून स्वस्तात आणलेला पेपर मार्च-एप्रिलच्या उन्हात असा झाला की बोट लावलं तर पापडासारखा तुटायचा. साधं पॅकिंगचं प्लास्टिक होतं ते. नुसतं बघून दोन्ही सारखेच दिसतात. चांगल्या रोलच्या कडेला कंपनीचं नाव, मायक्रॉन आणि किती वर्षांसाठी यूव्ही स्टॅबिलाइज्ड ते छापलेलं असतं, बहुतेकांवर तीन वर्षं लिहितात. कडेचा छापील तुकडा कापून माझ्याकडं द्या म्हणून अडून बसा, आणि बिल घ्या. बिल कन्नडमध्ये असेल, इंग्रजीत असेल, घ्या. काही पेपरवर बाहेरची बाजू कुठली तेही छापलेलं असतं, उलटा घातला तर आतनं थेंब धरून पानावर टपकतात, मग छप्पर घालून काय उपयोग.

निळी ताडपत्री चालेल का हा प्रश्न मला चार जणांनी विचारला. नाही चालत. ताडपत्रीखाली भाजी कोरडी राहील पण उजेडच नाही, आणि झडीच्या दिवसात मुळात सूर्य नाही, त्यात ताडपत्री. रोपं उंच, फिकट, लोळणारी होतात. पेपर नवा असताना ऐंशी-पंच्याऐंशी टक्के उजेड सोडतो, तेवढ्यावर पावसाळ्यात टोमॅटो चालतो. शेडनेटही नको, शेडनेटमधनं पाऊस बारीक होऊन खाली येतो आणि ऊन अडतं, म्हणजे दोन्हीकडनं तोटा.

बांधणीत जो शहाणपणा लागतो तो उताराचा. मी मध्ये सात फूट आणि दोन्ही कडेला पाच फूट ठेवलं, घराच्या छपरासारखं दुपाखी. पहिल्या मोठ्या पावसात एका बाजूला दोन बांबूंच्या मधे पेपर सैल होता तिथं पाण्याचं पोट धरलं. बाहेरनं बघितलं तर टोपलीएवढं दिसत होतं, खाली जाऊन हातानं वर ढकललं तर ढकलेना. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा किलो, आणि पोट एकदा धरलं की चार-पाच सेंटिमीटर सहज साठतं, मग सरीगणिक पेपर ताणत जातो आणि पोट वाढतच जातं. मीटर-मीटरवर आडवी काठी टाकली, पेपर तबल्याच्या पुडीएवढा ताणला, तेव्हा थांबलं. बांबूच्या पेरांवर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळा, पेराची धार पेपरला ब्लेडसारखी कापते आणि ते कापलेलं लवकर दिसतही नाही, नेमकं टोमॅटोच्या बुंध्यात थेंब थेंब पडायला लागल्यावर कळतं. जीआय पाइप वापरणाऱ्यांनी पाइपवर पांढरा रंग मारावा नाहीतर काहीतरी गुंडाळावं, तापलेल्या लोखंडाला चिकटलेला पेपर तिथंच आधी मरतो.

चारी बाजू उघड्या सोडायच्या. हे लिहितोय कारण बघायला आलेले निम्मे लोक "बाजूला पण लावून टाका की, झडप येते" म्हणत होते, झडप म्हणजे वाऱ्याबरोबर तिरका आत येणारा पाऊस. बाजू बंद केल्या की आत दमट होतं आणि ज्या रोगासाठी एवढा खटाटोप केला त्याला आयतं घर मिळतं. पश्चिमेकडनं झडप येते हे खरं, त्या बाजूला पेपर हातभर जास्त खाली सोडला, बस्स.

आणि वारा. हा कापलेला स्टार. जुलैमध्ये आमच्या वेंगुर्ला रोडच्या बाजूला वारा कसा सुटतो ते तिकडं राहणाऱ्यांना सांगायला नको. उघड्या बाजूंमुळं वारा खालनं शिरतो आणि पेपर वर उचलतो, नुसत्या सुतळीनं बांधलेला असेल तर रात्रभर फाट फाट फाट, झोप नाही, आणि सकाळी कडेची भोकं लांबून चिरा. पॉलीहाऊसवाले अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत झिगझॅग स्प्रिंग बसवतात, ते खरं उत्तर, पण ती पट्टी लांबीच्या हिशोबात मिळते आणि एवढ्याशा छपराला काही दुकानदार सुटी द्यायला कुरकुरतात. मी शेवटी पेपरवरनं तिरक्या दोऱ्या एकमेकींवरनं टाकून जमिनीत खुंटीला आवळल्या, तेव्हा निभावलं. एक कडा तरीही गेली, तिथं चिकटपट्टी मारलीय. वस्तू चांगली असली तरी बांधायचं सामान तिच्याबरोबर मिळत नाही, प्रत्येक गोष्ट वेगळ्या दुकानातनं आणायची, क्लिप एकीकडं, स्प्रिंग दुसरीकडं, बांबू तिसरीकडं. कुणीतरी घरगुती मापाचा पूर्ण सेट विकायला ठेवला तर बेळगावात चालेल.

आता मुद्द्याचं, भाजी आली का? छपराखाली टोमॅटो, मिरची, कोथिंबीर आणि मेथी, आणि मुद्दाम बाहेर उघड्यावर तीच टोमॅटोची रोपं ठेवली होती. बाहेरची पुष्य नक्षत्राच्या म्हाताऱ्या पावसाच्या आतच आटोपली, त्यांचं तपशिलात सांगण्यासारखं काही नाही. आतल्या झाडांनाही करपा आला, येत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, कारण हा रोग हवेतनं येतो आणि शेजारची रोपं धरलेलीच होती. पण पान कोरडं असल्यामुळं तो खालच्या तीन-चार पानांवर रेंगाळला. ती पानं रोज सकाळी कात्रीनं काढून परड्याबाहेर, कंपोस्टमध्ये नाही. बुंध्यापासून गुडघ्यापर्यंत झाड मोकळं ठेवलं, सुतळीनं उभं बांधलं. गणपतीत सार आणि कोशिंबीर घरच्या टोमॅटोची झाली, हा माझ्या मते वसुलीचा आकडा. किलो मोजत बसलो नाही. बाजारात टोमॅटोचा भाव पावसाळ्यात कसा उड्या मारतो ते सगळ्यांना माहीत आहे, आणि आपली बरीच भाजी गोव्याला जाते, त्यामुळं वाटेवरच्या चोर्ला घाटात काही झालं की त्याचाही परिणाम दिसतो.

कोथिंबिरीनं मात्र कमाल केली. उघड्यावर पावसाळ्यात कोथिंबीर म्हणजे चिखलाचे शिंतोडे आणि काळी देठं, पेंडी धुता धुता निम्मी जाते. छपराखालची स्वच्छ, ताठ, वास घमघमीत. मेथी त्याहून थोडी कमी पण चांगली. खरं सांगायचं तर कुणाला फक्त कोथिंबीर-मेथीसाठी दोन मीटर पेपर घालायचा असला तरी मी घाल म्हणेन, टोमॅटोपेक्षा तिथं पैसा लवकर वसूल होतो.

मिरचीला पेपरनं अर्धंच तारलं, आधी म्हटलं तसं. वरनं पाणी पडलं नाही तरी बाजूनं जमिनीतनं आलंच. आमची जागा तांबड्या मातीची आहे, पाणी तसं लवकर निचरतं, तरीही वाफे वीतभर उंच केले आणि भोवतीनं चर मारला तेव्हाच मुळं टिकली. वडगाव-शहापूर-येळ्ळूरच्या काळ्या जमिनीतल्यांनी आणि बळ्ळारी नाल्याच्या अंगाला असलेल्यांनी पेपरवर एक रुपया घालवायच्या आधी चर आणि उंच वाफे करून घ्यावेत, नाहीतर वर छप्पर आणि खाली डबकं असला प्रकार. चराला उतार कुठं सोडायचा तेही बघा, शेजाऱ्याच्या परड्यात सोडलात तर भाजी राहील बाजूला आणि भांडण लागेल. रताळी लावणारे आपले लोक पिढ्यान् पिढ्या वरंबे घालून लावतात ते उगाच नाही.

छपराचे स्वतःचे त्रासही आहेत. पाऊस पानावरची कीड धुऊन काढतो, ते काम आत होत नाही. ऑगस्टमध्ये मिरचीची शेंड्याची पानं आकसली, वाटीसारखी मुरडली, फुलकिडे आणि कोळी (माइट नावाची बारीक कीड). बाहेरच्या मिरचीवर हे नव्हतं (ती बाहेरची मिरची इतर कारणांनी मेली ते वेगळं). पिवळे-निळे चिकट सापळे लावले, निंबोळी तेल लिटरला पाच मिली साबणाबरोबर मारलं, पानाच्या खालच्या अंगानं मारायचं, वरनं मारून काही होत नाही. गंधकाची पावडर मात्र छपराखाली धुरळू नका, गंधकानं पेपरचं यूव्ही लवकर संपतं, हे दुकानात कुणी सांगत नाही. दुसरं म्हणजे बाहेर धो धो पाऊस पडत असताना तुम्ही आत झारी घेऊन पाणी घालत उभे राहता. आमच्या मातोश्रींनी हे बघून जे काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग छपराच्या कडेला अर्धा कापलेला पीव्हीसी पाइप पन्हाळीसारखा बांधला आणि खाली दोनशे लिटरचा ड्रम. छपराचा आडवा पसारा पंधरा-सोळा चौरस मीटर धरला तर एक सेंटिमीटर पावसात दीडशे लिटर पाणी, म्हणजे ड्रम एका बऱ्या सरीतच भरून वाहायला लागतो. ड्रमला झाकण पाहिजेच, डासांचं काही सांगता येत नाही.

काकडी-दोडका-भोपळ्यासाठी पेपर घेऊ नका. वेलांना उंची लागते, जागा लागते, आणि त्यांचं दुखणं पावसापेक्षा मधमाशी नसण्याचं आहे. सकाळी लवकर ताजं नरफूल तोडून पाकळ्या काढायच्या आणि त्याचा मधला दांडा मादीफुलाला, म्हणजे ज्याच्या मागं इवलीशी काकडी असते त्याला, अलगद टेकवायचा. फुकटचं काम आहे. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, त्याचा परागही संध्याकाळीच. फळ धरल्यावर फळमाशी येते, तिला क्यू ल्यूरचा (नरमाशीला ओढणाऱ्या वासाच्या आमिषाचा) सापळा चांगला चालला, तो स्वस्त आहे आणि पुन्हा घेईन. टोमॅटोचं फळ धरायला मधमाशी लागतेच असं नाही, दुपारी फुलांच्या झुबक्याला टिचकी मारली तरी पुरतं, म्हणून छपराखाली टोमॅटो जमतो.

बाकी ह्या सीझनमध्ये जे जे घेतलं त्याचं थोडक्यात. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) शेणखतात मुरवून रोपांच्या ट्रेला दिलं, रोपं कोलमडायची कमी झाली, घ्या, पण पाकिटावरची तारीख बघून, जिवंत वस्तू आहे ती आणि उन्हात तापलेल्या शोकेसमधलं पाकीट मेलेलं असू शकतं. बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, घरी केला, मोरचूद दहा ग्रॅम, कळीचा चुना दहा ग्रॅम, पाणी एक लिटर, दोन्ही वेगवेगळे प्लास्टिकच्या बादलीत विरघळवून मग एकत्र. लोखंडाचा खिळा बुडवायचा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. त्याच दिवशी संपवायचा. करप्याच्या आधी मारला तर उपयोग, नंतर मारून झाड निळं होतं एवढंच. गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या घेणार असाल तर घरात कुत्रं आहे का ते आधी आठवा, कुत्र्याला ते विष आहे. ओलं गोणपाट रात्री वाफ्याच्या कडेला टाकून सकाळी खालच्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकल्या, तेवढं पुरलं. छपराखाली त्या कमी येतात, पण येतात.

ग्रो बॅग नुसत्या वाईट नाहीत, पण भर पावसात उघड्यावर ठेवल्या तर तळाची भोकं कोकोपीटनं (नारळाच्या काथ्याच्या भुशानं) बुजतात आणि आत खीर होते. टॉनिक नावाची एक तपकिरी बाटली दुसऱ्या एका दुकानातनं गळ्यात मारली गेली, पानं पिवळी पडलीत म्हणजे "ताकद कमी" म्हणून. पाण्यात बुडालेल्या मुळाला ताकद कुठनं येणार, त्याला हवा पाहिजे. शून्य स्टार. त्या लेबलवर बारीक अक्षरात इतकं काही लिहिलं होतं, फक्त आत काय आहे तेवढं नव्हतं.

बियाण्याचं एक सांगतो, पेपरपेक्षाही स्वस्त इलाज आहे. बेंगळुरूच्या आयआयएचआर ह्या बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक टोमॅटो आपल्याकडं बऱ्याच जणांना माहीत आहे, तो पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकरचा करपा ह्या तिघांना दाद देत नाही. पण उशिराचा करपा त्यात येत नाही. त्यांचाच अर्का अभेद आहे, त्यात ह्या तिघांबरोबर उशिराच्या करप्यालाही प्रतिकार आहे. गार ओल्या वर्षासाठी तो बघा, संस्थेचं ऑनलाइन बियाणं पोर्टल आहे. मी पुढच्या वर्षी तोच पेपरखाली आणि बाहेर दोन्हीकडं लावून बघणार आहे. बाहेरचा तगला तर पेपरखाली सगळी कोथिंबीर घालीन.

कुणी घेऊ नये: भाड्याच्या घरात असाल आणि खुंट्या मारायला मालक देत नसेल तर, गच्चीवर वारा अडवायला काही नसेल तर, आणि ज्यांना पावसाळ्यात भाजी खायचीच आहे, पिकवलीच पाहिजे असा हट्ट नाही त्यांनी. जून-जुलैमध्ये खानापूरच्या बाजूच्या बायका टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन बाजारात बसलेल्या असतात, नशीब असेल तर अळंबीही मिळतात. परड्यात नळाजवळ अळू लावलं तर त्याला ना छप्पर ना औषध, जितका पाऊस तितकं माजतं. झडीत टोमॅटोच पाहिजे म्हणणं ही थोडी चैनच आहे, ती ज्याला परवडते त्यानं करावी, मी केली.

पेपर उतरवायचा केव्हा, तर परतीचा पाऊस गेला की. दिवाळीनंतर आपल्याकडं दव पडतं तेव्हा आणखी थोडे दिवस ठेवला तर रात्रीचं पान कोरडं राहतं, तेवढा फायदा, पण फेब्रुवारीच्या पुढं उन्हात ठेवू नका, उगाच वर्ष कमी होतंय. उतरवताना दोघं लागतात. साबणाच्या पाण्यानं शेवाळ पुसून, सावलीत पूर्ण वाळवून, घडी न घालता एखाद्या पाइपवर गुंडाळून ठेवा, घडीच्या रेघेवरच तो पुढच्या वर्षी फाटतो. माळ्यावर उंदीर असतील तर रोलची दोन्ही टोकं जुन्या पत्र्याच्या डब्यात घालून ठेवा.